रविवारचे व्रत

आज नाताळ. ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या दारी चांदणीचे आकाशकंदील लागले आहेत आणि फराळाची ताटे घरोघर जाऊ लागली आहेत. अशा मंगल दिवशी एका ख्रिस्ती कुटुंबाची कथा वाचकांपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटले. या कुटुंबातील एक पुत्र धावपटू म्हणून जगद्विख्यात झाला. परंतु आमच्या मनात त्याच्या विजयापेक्षा त्याच्या व्रतानेच अधिक घर केले आहे.

एरिक लिडेल यांचा जन्म १९०२ साली चीनमधील तिएन्त्सिन शहरी झाला. आईवडील मूळचे स्कॉटलंडचे. लंडन मिशनरी सोसायटीच्या वतीने ते चीनमध्ये धर्मकार्य करीत. एरिक सहा वर्षांचे असताना त्यांना व थोरले बंधू रॉबर्ट यांना इंग्लंडमधील मिशनऱ्यांच्या मुलांसाठी असलेल्या निवासी शाळेत ठेवण्यात आले, आणि आईवडील पुन्हा सातासमुद्रापलीकडे आपल्या कार्याकडे परतले. ईश्वरसेवेसाठी जिवलगांची ताटातूट सोसणे, हे या घराला नवे नव्हते.

या घराचा आणखी एक नेम होता. रविवार हा प्रभूचा वार. त्या दिवशी प्रार्थना, उपासना आणि विश्रांती, खेळ नाही. पुढे एडिंबरा विद्यापीठात शिकताना एरिक यांनी रग्बीत स्कॉटलंडचे प्रतिनिधित्व केले, शंभर मीटरच्या शर्यतीत ते ब्रिटनची मोठी आशा ठरले, तरी हा नेम ढळला नाही.

१९२४ साली पॅरिस येथे ऑलिंपिक सामने भरले. शंभर मीटरची प्राथमिक फेरी ६ जुलै रोजी, म्हणजे रविवारी होती. हे कळताच लिडेल यांनी त्या शर्यतीतून माघार घेतली. १९८१ च्या ‘चॅरियट्स ऑफ फायर’ या चित्रपटात ही गोष्ट त्यांना पॅरिसला निघताना कळते असे दाखविले आहे. वस्तुतः कित्येक महिने आधीच त्यांना ती ठाऊक होती आणि निर्णयही झाला होता. रविवारी धावावे लागेल म्हणून सांघिक शर्यतींवरही त्यांनी पाणी सोडले. देशाभिमान नाही, अशी टीका झाली. ती त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतली.

मग सरावाची शर्यत बदलून ते चारशे मीटरच्या तयारीला लागले. ११ जुलै रोजी, शुक्रवारी, ४७.६ सेकंदांचा ऑलिंपिक विक्रम करून त्यांनी सुवर्णपदक जिंकले. त्याआधी दोनशे मीटरमध्ये कांस्यपदक मिळाले होतेच. सारे ब्रिटन त्यांना डोक्यावर घेऊन नाचत असताना, दुसऱ्याच वर्षी, अवघ्या तेविसाव्या वर्षी, ते चीनला परतले आणि तिएन्त्सिनच्या एका महाविद्यालयात मुलांना विज्ञान व खेळ शिकवू लागले.

१९३४ साली त्यांचा विवाह फ्लॉरेन्स मॅकेन्झी यांच्याशी झाला. त्याही मिशनरी घराण्यातील, माहेर कॅनडाचे. विवाहापूर्वी त्यांनी परिचर्येचे शिक्षण पुरे केले होते. दोन कन्या झाल्या. इतक्यात जपानचे आक्रमण आले. सिआओचांग या खेड्यात रॉबर्ट डॉक्टर होते. १९३७ साली एरिकही तेथे सेवेस गेले. त्या भागातील धोका पाहता पत्नी व मुलींना तिएन्त्सिनलाच राहावे लागले. १९४१ साली युद्धाचे सावट अधिक गडद झाले, तेव्हा एरिक यांनी गरोदर पत्नीला व मुलींना कॅनडाला पाठविले आणि स्वतः मागे राहिले. तिसरी कन्या तेथे जन्मली. पित्याला तिचे मुख पाहण्याचा योग कधी आला नाही.

१९४३ साली जपान्यांनी त्यांना वेइश्येन येथील छावणीत स्थानबद्ध केले. दीड हजारांहून अधिक स्त्री-पुरुष व मुले तेथे कोंडलेली होती. कित्येक मुलांचे आईबाप दूर कोठेतरी अडकले होते. लिडेल त्यांना शिकवीत, मोडक्या हॉकीच्या काठ्या जोडून देत, सामने भरवीत. रविवारी मात्र खेळ नाही, हा त्यांचा शब्द होता. एका रविवारी मुलांनी आपल्या आपणच हॉकीचा सामना मांडला. पंच कोणी नव्हता. खेळाचे पर्यवसान मारामारीत झाले. पुढल्या रविवारी मुलांनी पाहिले तो मैदानावर पंच म्हणून लिडेल स्वतः उभे!

वाचकहो, आम्हांस या प्रसंगापाशी थांबावेसे वाटते. ज्याने सुवर्णपदकासाठी रविवार मोडला नाही, त्याने परक्यांच्या पोरक्या झालेल्या मुलांसाठी तो मोडला. यात व्रतभंग झाला काय? आपल्या घरीही स्वतः कडकडीत एकादशी करणारी आजी तापाने फणफणलेल्या नातवासाठी मऊ भात शिजवितेच. तिची एकादशी मोडली, असे कोण म्हणेल? स्वतःच्या लाभासाठी नेम सैल करणे वेगळे आणि दुसऱ्याच्या गरजेपुढे तो बाजूला ठेवणे वेगळे. हा विवेक ग्रंथ वाचून येत नाही. आयुष्यभर नेम पाळणाऱ्यालाच तो साधतो.

छावणीतील मुलांना ते सांगत, की शत्रूसाठी प्रार्थना करा. ज्यांच्या पहाऱ्यात दिवस काढायचे, त्यांच्याचसाठी प्रार्थना! त्यांनी आपले झिजलेले धावण्याचे बूट ज्या मुलाला दिले, तो मोठेपणी मिशनरी होऊन गेला तो जपानमध्येच.

२१ फेब्रुवारी १९४५ रोजी मेंदूतील गाठीमुळे लिडेल यांचे छावणीतच निधन झाले. वय त्रेचाळीस. अतिश्रमाने प्रकृती ढासळली असावी, असे त्यांनी त्याच दिवशी पत्नीला लिहिले होते. पुढे सहा महिन्यांनी, ऑगस्टमध्ये छावणी मुक्त झाली. निधनाची वार्ता फ्लॉरेन्सबाईंपर्यंत कॅनडात पोहोचली ती मे महिन्यात. त्यांनी परिचारिकेचे काम करून तिन्ही मुलींना वाढविले. पदक मिळाले एकाला, परंतु व्रत साऱ्या घराने पाळले, हे आम्ही विसरू नये.

आज शेजारच्या घरून फराळाचे ताट येईल, तेव्हा त्या घरातील माउलीलाही मनोमन नमस्कार करावा. देव्हारा निराळा असला, तरी नेमाने वागणाऱ्या घरातील कष्ट आपल्या ओळखीचेच असतात.