मौनी बाबांचा गडगडाटी चेला

नगरहून दौंडकडे निघालं की अरणगावाजवळ मेहेराबाद लागतं. तिथल्या टेकडीवर मेहेरबाबांची समाधी आहे. १० जुलै १९२५ला बाबांनी मौन धरलं, ते ३१ जानेवारी १९६९ला देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. आजही अमरतिथीला, म्हणजे त्यांच्या पुण्यतिथीला, दुपारी बाराच्या ठोक्याला भक्त पाव तास मौन पाळतात. या बाबांना चेला भेटला तो पीट टाउनशेंड, ‘द हू’ या इंग्लिश बँडचा गिटारवाला! १९७२ साली तो समाधीच्या दर्शनाला येऊन गेला. चारच वर्षांनी, लंडनच्या चार्लटन मैदानावरच्या कार्यक्रमामुळे, जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून गिनेस बुकात ‘द हू’चं नाव लागलं.

या गडगडाटाला बऱ्याच अंशी टाउनशेंडचा हट्ट कारण. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शलचं वाद्यांचं दुकान होतं. अमेरिकन फेंडर बेसमनचं सर्किट समोर ठेवून १९६२ साली तिथे गिटारचा आवाज मोठा करणारा अँप तयार झाला. टाउनशेंडला आणखी आवाज हवा होता. त्यातून १९६५च्या सुमारास शंभर वॅटचा, चार पॉवर व्हॉल्व्हचा अँप आला. त्याच्यासाठी केलेली आठ स्पीकरची पेटी उचलता उचलता हमालांचा जीव जाऊ लागला, तेव्हा चार-चार स्पीकरच्या दोन पेट्या एकावर एक रचायची पद्धत पडली.

व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या कॅथोडपासून इलेक्ट्रॉन प्लेटकडे धावतात आणि मधली ग्रिड त्यांना आवरते. गिटारचा क्षीण सिग्नल त्या ग्रिडला द्यायचा, की तोच प्लेटवर मोठा होऊन निघतो. शंभर वॅटच्या अँपमध्ये प्लेटवर चारशेहून जास्त व्होल्ट असतात. स्विच बंद केला तरी कपॅसिटर भरलेले राहतात, म्हणून उघड्या अँपात लगेच हात घालायचा नाही. हेच काम करणाऱ्या ट्रान्झिस्टरला ना तापायची वाट पाहावी लागते, ना जड आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागतो. खरी गंमत क्षमतेबाहेर ताणल्यावर कळते. व्हॉल्व्ह हळूहळू मान टाकतो, लाटेचा माथा गोलसर चेपला जातो. साधा ट्रान्झिस्टर अँप शेवटपर्यंत स्वच्छ राहतो आणि मग तोच माथा सपाट कापतो. कानाला ते टोचतं.

म्हणून शौकीन सांगतात की सिग्नलच्या वाटेत फक्त व्हॉल्व्हच हवेत. मला हे सोवळं पटत नाही. टाउनशेंडच सत्तरच्या दशकात हायवॅट अँप वाजवायचा, आणि हायवॅट हा व्हॉल्व्हचा असूनही कमालीचा स्वच्छ. खरखर यायची ती पायाखालच्या ‘सुपर-फझ’ पेडलमधून. त्यात होते ट्रान्झिस्टर आणि जर्मेनियमचे डायोड. व्हॉल्व्ह ती खरखर नुसती मोठी करायचे. उलट निव्वळ स्वच्छ आवाज हवा असणारे कित्येक वादक आजही १९७५च्या रोलंड जेसी-१२०कडे वळतात, आणि त्यात एकही व्हॉल्व्ह नाही.

‘बाबा ओ’रायली’ या गाण्याच्या नावातले बाबा म्हणजे आपले अरणगावचे. १९७१च्या ‘हूज नेक्स्ट’मधलं हे गाणं सुरू होतं लाउरी ऑर्गनवर. त्या रेकॉर्डवरची बरीचशी गिटार जो वॉल्शने दिलेल्या ग्रेचवर, फेंडर बँडमास्टरमधून वाजली. दोन पॉवर व्हॉल्व्ह, पंचवीस-तीस वॅट. एसीचं डीसी करणारा रेक्टिफायरही व्हॉल्व्हचाच असल्याने जोरात तार छेडली की व्होल्टेज क्षणभर बसतं आणि सूर दबून पुन्हा फुगतो. स्टुडिओत तेवढं पुरलं. शंभर वॅटची भिंत मैदानासाठी होती.