भुयारासाठीं पिंप

दिवाळी जवळ आली कीं ठाणें, कल्याण आणि डोंबिवली येथील चाळींच्या व सोसायट्यांच्या अंगणांत मातीचे किल्ले उभे राहूं लागतात. कांहीं हौशी मंडळी किल्ल्याच्या जोडीला मुलांना रांगत जातां येईल असें भुयारही करतात. मूल एका तोंडानें आंत शिरतें, दुसऱ्या तोंडाशीं डोकें बाहेर काढून हंसतें आणि आईबाप त्याचें छायाचित्र घेतात.

या भुयाराला पोकळ अंग हवें, आणि तें स्वस्त हवें. रस्त्याच्या कडेला पडलेले सिमेंटचे नळ मुलांना फार आवडतात. इंडियन ह्यूम पाइप कंपनी १९२६ सालीं निघाली, तेव्हांपासून असले नळ आपल्याकडे होत आले आहेत. पण एवढें ओझें अंगणांत आणणार कोण? मग पावलें भंगारवाल्याकडे वळतात. तेथें २०० लिटरचें पिंप दिसतें. तें सुमारें ५८ सेंटिमीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर लांब असतें. पांचसहा वर्षांच्या मुलाला एवढें माप पुरतें. त्याहून मोठ्याची पाठ घासते.

परंतु या भागांत पिंपाचें रूप पाहण्याआधीं त्याचा पूर्वेतिहास विचारणें भाग आहे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींत रसायनांचे कारखाने आहेत, आणि रसायनें पिंपांतूनच येतात-जातात. रिकामें पिंप निर्धोक, ही समजूत फार घातक आहे. ज्वालाग्राही द्रव स्वतः जळत नाहीं, जळते ती त्याची वाफ. भरलेल्या पिंपांत वाफेला जागा थोडी असते. रिकाम्या पिंपाच्या तळाशीं चार चमचे द्रव उरला, तरी त्याची वाफ हवेंत मिसळून सारी पोकळी व्यापते, आणि झांकण कापतांना उडालेली एक ठिणगी तिला पुरते. रसायनें पेटलीं म्हणजे काय होतें, हें डोंबिवलीनें २०१६ आणि २०२४ अशा दोन मे महिन्यांत पाहिलें आहे. प्लॅस्टिकचें पिंपही निर्दोष नव्हे. कांहीं द्रव त्याच्या अंगांत मुरतात आणि धुतल्यानें निघत नाहींत. धोकादायक कचऱ्याविषयींच्या २०१६ च्या नियमांनीं अशा रसायनांनीं माखलेलीं रिकामीं पिंपें कचऱ्याच्या त्याच वर्गांत घातलीं आहेत, तें उगीच नव्हे. नाकाला वास आला नाहीं, ही कांहीं परीक्षा नाहीं.

मग घ्यावें कोणतें? आंब्याच्या रसाचें. कारखाने रस निर्जंतुक पिशवींत भरून ती पिशवी लोखंडी पिंपांत ठेवतात. रस लोखंडाला शिवतही नाहीं. शिवाय झांकण कड्यानें आवळलेलें असल्यानें तें सबंध निघतें, आणि कापावयाचा राहतो तो केवळ तळ. आइसक्रीम किंवा सरबतें करणाऱ्यांकडे चौकशी करावी आणि पिंप थेट त्यांच्याकडूनच घ्यावें. वरची चिठ्ठी फाडलेली असेल तर सौदा मोडावा. तळ पत्र्याचें काम करणाऱ्याकडून कापून घ्यावा, आणि सायकलची जुनी ट्यूब चिरून धारदार कडेवर चढवावी. दोहों बाजूंस विटा लावल्यावांचून पिंप आडवें ठेवूं नये; तें गडगडतें. दोनांहून अधिक पिंपें जोडूं नयेत, कारण मूल मध्येंच घाबरून थांबलें तर मोठ्या माणसाचा हात त्याच्यापर्यंत पोहोंचला पाहिजे.

खरें पाहतां पिंपाचाच आग्रह कशाला? बांबूची कणगी ही आपल्याकडची जुनी वस्तु. धान्य सांठविण्यासाठीं ती विणतात आणि शेणमातीनें लिंपतात. बुरुडाला सांगून तळ न घातलेली कणगी हव्या त्या रुंदीची करून घेतां येते. ती आडवी ठेवून वर गोणपाट टाकलें आणि त्यावर मातीचा हात फिरविला कीं गुहा तयार! ती दोघांना सहज उचलतां येते, आणि मधूनमधून वीण उघडी ठेवली तर आंत वारा व उजेडही येतो. थंडकपाटाचा पुठ्ठ्याचा खोका बहुधा त्याहून स्वस्त पडेल, पण एका पावसाच्या सरीनें त्याचा लगदा होतो.

छायाचित्र घेणाऱ्यानें उभें न राहतां मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला बसावें. भुयाराचें बाहेर पडण्याचें तोंड पूर्वेला ठेवलें, तर अभ्यंगस्नान आटोपून आलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर सकाळचें कोंवळें ऊन आपोआप पडतें आणि मागचा काळोख चित्राला उठाव देतो. पणत्या मात्र गोणपाटापासून दूर, किल्ल्याच्या तटावरच लावाव्यात.