पत्त्यांचा डाव आणि यकृतातले मणी

आजारपणात अंथरुणावर पडून राहायचा किती कंटाळा येतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे. १९४६ साली स्टॅनिस्लाव उलाम या गणितज्ञांचं तसंच झालं. मेंदूला सूज येऊन ते मोठ्या दुखण्यातून उठले होते. वेळ घालवायला पेशन्स खेळत बसायचे. हो, तोच तो एकट्यानं खेळायचा पत्त्यांचा डाव! खेळता खेळता त्यांना प्रश्न पडला : ५२ पानं पिसून मांडली, तर डाव सुटण्याची शक्यता किती? आधी त्यांनी गणित मांडून पाहिलं, पण आकडेमोड काही आवरेना. मग वाटलं, त्यापेक्षा शंभर डाव मांडावेत आणि किती सुटले ते सरळ मोजावं!

युद्धकाळात उलाम अमेरिकेतल्या लॉस अलामोसच्या अणुप्रयोगशाळेत होते. पदार्थात शिरलेला न्यूट्रॉन कुठं आपटेल, कुठं वळेल, हेही असेच डाव मांडून काढता येईल, हे त्यांच्या लक्षात आलं. जॉन फॉन नॉयमन यांनी ही कल्पना उचलून धरली आणि पत्ते पिसायचं काम संगणकाकडे गेलं. उलाम यांचे एक काका मॉन्टे कार्लोच्या जुगारघरात जायला नातेवाइकांकडून उसने पैसे घ्यायचे. त्यावरून पद्धतीचं नाव पडलं 'मॉन्टे कार्लो'!

तुम्ही म्हणाल, याचा यकृताच्या कर्करोगाशी काय संबंध? सांगतो.

यकृताला तीन-चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून मिळतं. गाठ मात्र आपलं बहुतेक रक्त धमनीतून ओढून घेते. डॉक्टर नेमकं हेच हेरतात. जांघेतून किंवा मनगटातून एक बारीक नळी थेट यकृताच्या धमनीपर्यंत नेतात आणि तिच्यातून काचेचे मणी सोडतात. मणी केवढे? एका मिलिमीटरवर चाळीस ओळीनं बसतील एवढे! प्रत्येकात यट्रियम-९० हे किरणोत्सारी मूलद्रव्य असतं. मणी गाठीच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि त्यांतून सुटणारे इलेक्ट्रॉन आसपासच्या पेशी मारतात. हे इलेक्ट्रॉन सरासरी अडीच मिलिमीटर आणि फार तर ११ मिलिमीटर जातात. दर ६४ तासांनी मण्यांचा जोर निम्मा होतो. असे मणी आपल्या मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रातही तयार झाले आहेत. त्यांचं नाव 'भाभास्फिअर'.

पण मणी सोडायचे किती? खरी मेख इथंच आहे. कमी पडले तर गाठ वाचते. जास्त झाले तर निरोगी यकृतच कामातून जातं, आणि यकृताशिवाय माणूस जगत नाही. शिवाय प्रत्येकाच्या रक्तवाहिन्यांचं जाळं वेगळं. पूर्वी मात्र मणी सगळीकडे सारखेच पसरतात, असं धरून सरासरी काढायचे. आता वर्गाची सरासरी ६० गुण आहे, एवढ्यावरून कोण नापास झालं ते कळतं का? तसंच हे.

म्हणून आधी रंगीत तालीम होते. मण्यांऐवजी प्रथिनाचे कण सोडतात. त्यांना टेक्नेशियम-९९एम जोडलेलं असतं, त्यामुळे ते कॅमेऱ्याला दिसतात. गाठीत किती गेले, निरोगी भागात किती, फुप्फुसाकडे किती निसटले, सगळं कळतं. मग संगणकात त्या रुग्णाचंच यकृत काही मिलिमीटरच्या ठोकळ्यांनी रचतात आणि डाव सुरू होतो. एक खोटा इलेक्ट्रॉन सोडायचा. तो किती पुढे गेला, कुठं वळला, किती ऊर्जा टाकली? प्रत्येक पावलाला जणू फासा टाकायचा. असे लाखो इलेक्ट्रॉन! शेवटी कुठल्या ठोकळ्यात किती ऊर्जा पडली, ते मोजायचं. एक किलो पेशींत एक ज्यूल पडली, की मात्रा झाली एक ग्रे.

खरं सांगायचं, तर दर रुग्णासाठी एवढा खटाटोप करत नाहीत. वेळ फार लागतो. रोजच्या कामाला सोपी सूत्रं वापरतात. ती कितपत बरोबर, हे मॉन्टे कार्लोशी ताडून पाहतात.

ज्याचा त्याचा हिशेब केल्यानं फरक पडतो का? फ्रान्समध्ये मोठ्या गाठी असलेल्या ६० रुग्णांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२१ साली आले. एका गटाला ठरावीक रीतीनं, म्हणजे उपचाराच्या भागाला सुमारे १२० ग्रे धरून मणी दिले. दुसऱ्या गटात प्रत्येकाची तालीम पाहून, गाठीला निदान २०५ ग्रे मिळतील असा बेत केला. पहिल्या गटातले निम्मे रुग्ण १०.७ महिन्यांहून जास्त जगले, दुसऱ्यातले निम्मे २६.६ महिन्यांहून जास्त. मुलांनो, ज्या घरात हे दुखणं आहे, त्या घराला विचारा एवढे महिने म्हणजे काय ते.

अर्थात, तालमीसारखंच नाटक होईल असं नाही. नळीचं टोक जरासं सरकलं, तरी मणी दुसऱ्या फांदीत जातात. म्हणून उपचारानंतर पुन्हा चित्र घेतात. गंमत बघा, यट्रियमचे दहा लाख अणू फुटले, की त्यांतून जेमतेम ३२ पॉझिट्रॉन निघतात. तेवढ्यावरही पेट स्कॅनचं यंत्र मणी कुठं बसले ते दाखवतं. गाठीचा एखादा कोपरा कोरडा राहिलेला दिसला, तर डॉक्टर पुढच्या खेपेचा विचार करू शकतात.