व्हिडिओ पाठवला की रंग उडतात? मोबाईलमधलं ‘एचडीआर’ तपासा

डाळिंबाच्या बागेचा व्हिडिओ काढला, आपल्या मोबाईलवर फळ लालभडक दिसतं. तोच व्यापाऱ्याला पाठवला की फळ फिकट, पांढुरकं. मग भावात घासाघीस सुरू! अशा वेळी दोष मालाचा नसतो, बऱ्याचदा तो ‘एचडीआर’चा असतो.

एचडीआर म्हणजे कडक ऊन आणि सावली दोन्ही स्पष्ट टिपणारं चित्रण. साध्या व्हिडिओत लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी २५६ छटा असतात, दहा बिटच्या एचडीआरमध्ये १०२४. समोरच्या मोबाईलला किंवा ॲपला हे नीट वाचता आलं नाही, की रंग उडालेले दिसतात.

आयफोन १२ आणि त्यापुढच्या फोनवर सेटिंग्ज, कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ इथे जाऊन ‘एचडीआर व्हिडिओ’ बंद करता येतं. अँड्रॉईडवर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये हा पर्याय शोधावा. यूट्यूबवर टाकायचा व्हिडिओ असेल तर एचडीआर चालू ठेवायला हरकत नाही. तिथे २०१६ पासून एचडीआर चालतं आणि साध्या मोबाईलसाठीची प्रत यूट्यूब स्वतःच बनवतं.

मालाचा व्हिडिओ मात्र आधी घरातल्या दुसऱ्या, साध्या फोनवर पाठवून बघा. रंग बरोबर दिसला, मगच व्यापाऱ्याला धाडा.