असं का होतं? : नाकाबंदीवरची धडधड

कागदपत्रं चोख असतात, हेल्मेट डोक्यावर असतं, तरी हवालदारानं गाडी बाजूला घ्यायला सांगितली की छातीत धडधडतंच. लायसन्स काढताना बोटं थरथरतात. पाकिटात समोरच असलेलं कार्ड दिसत नाही.

मेंदूत खोलवर अमिग्डाला नावाचा भाग असतो. आग असो की नुसती फोडणी, धुराचा अलार्म वाजतोच. तसाच अमिग्डालाही शहानिशा करत बसत नाही. त्याचा इशारा मिळताच मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात. हृदय वेगानं धावू लागतं, तळहात घामेजतात, तोंडाला कोरड पडते. शरीर पळायला किंवा भिडायला सज्ज होतं, आणि नाकाबंदीवर नेमक्या याच दोन गोष्टी करायच्या नसतात! त्यात कपाळामागचा, तोलून-मापून बोलायला लावणारा मेंदूचा भाग अशा वेळी मागे पडतो. आवाज चढतो तो त्यामुळे.

हाताशी असलेला उपाय म्हणजे श्वास. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते. मेंदूतून हृदयाकडे जाणारी व्हेगस नस उच्छ्वासाच्या वेळी हृदयाची गती कमी करते. मनगटावर बोटं ठेवून पाहा, अनेकांना हा फरक जाणवतो. म्हणून चार अंक मोजत श्वास घ्या आणि सहा-आठ मोजत सावकाश सोडा.

अ‍ॅड्रेनलिनचा जोर काही मिनिटांत ओसरतो. तोवर हात समोर दिसतील असे ठेवा, हळू बोला. आणि पाकीट घरी राहिलं असेल तर घाबरू नका, डिजिलॉकरमधलं लायसन्सही कायद्यानं ग्राह्य आहे.