आरसा घ्या, तोंड बघा

मित्रांनो, कॅन्सर म्हणजे शरीरातल्या पेशी बेसुमार वाढण्याचा रोग. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. म्हणून रोग्याजवळ बसायला भिऊ नये.

तंबाखू, गुटखा, विडी आणि मिसरी यांनी तोंडाचा कॅन्सर होतो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. पण आमच्या खानदेशात मिसरी चुलीवरच भाजतात. मिसरीने दात साफ होतात, असे बायका म्हणतात. पण मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच.

हा रोग पहिल्याने दुखत नाही, पण डोळ्यांना दिसतो. चूळ भरून, आरसा घेऊन उजेडात बसावे. ओठ, गाल, जीभ आणि जिभेखाली बघावे. पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ किंवा दोन आठवड्यांत बरी न होणारी जखम असली तर लगेच दवाखान्यात जावे. तोंडात तीन बोटे एकावर एक गेली पाहिजेत. प्रत्येक चट्टा कॅन्सर नसतो, पण ते डॉक्टरांनीच सांगावे. लवकर कळले तर माणूस बरा होऊ शकतो.

सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ साली खेड्यांतल्या कॅन्सरच्या नोंदी ठेवणे सुरू झाले. तिथले कार्यकर्ते गावोगाव जाऊन लक्षणे सांगत. त्यामुळे रोगी लवकर येऊ लागले.

माझी आजी मिसरी लावते. मी तिला तोंड उघडायला सांगितले, तर दोनच बोटे गेली. ती म्हणते, "म्हातारपण आहे रे." अप्पा तिला बाजाराच्या दिवशी दवाखान्यात नेणार आहेत.

पालकांनो, तुम्हीही आज घरी जाऊन आरसा घ्या.

— इयत्ता चौथी