अल्बमच्या मुखपृष्ठाचे आकारमान

अल्बमचे मुखपृष्ठ म्हणजे ध्वनिमुद्रित संगीताच्या तबकडीच्या, कॅसेटच्या, सीडीच्या वेष्टनावरील अथवा डिजिटल प्रसारणात गाण्यासोबत दिसणारे दर्शनी चित्र. त्याचे आकारमान प्रत्येक माध्यमात वेगळे असते. छापील वेष्टनाचे माप मिलिमीटरमध्ये किंवा इंचांत मोजतात, तर डिजिटल चित्राचे माप पिक्सेलमध्ये सांगतात. एकच संगीत आज एकाच वेळी भ्रमणध्वनीवर, सीडीवर आणि एलपीवर प्रकाशित होऊ शकते. त्यामुळे चित्र काढायला घेण्यापूर्वीच त्यातील सर्वांत मोठे आणि सर्वांत लहान माप निश्चित करणे आवश्यक ठरते.

चौरस आकाराचा उगम

अल्बमचे मुखपृष्ठ चौरस असते, कारण तबकडी गोल असते. वर्तुळाकार वस्तूला कमीत कमी कागदात गुंडाळणारे काटकोनी पाकीट चौरसच होते. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या बहुधा १० इंच किंवा १२ इंच व्यासाच्या असत. त्या साध्या कागदी पाकिटांत विकल्या जात आणि मधले लेबल वाचता यावे म्हणून पाकिटाला गोल भोक पाडलेले असे. तबकडीच्या एका बाजूवर तीन ते पाच मिनिटांचेच ध्वनिमुद्रण मावत असल्याने दीर्घ रचनेसाठी अनेक तबकड्या लागत. अशी पाकिटे छायाचित्रांच्या अल्बमप्रमाणे एका बांधणीत शिवली जात. ‘अल्बम’ हा शब्द तेथूनच आला. पुढे सगळे संगीत एकाच तबकडीवर मावू लागले तरी नाव मात्र टिकले.

या बांधणीच्या पुठ्ठ्यावर केवळ संग्रहाचे नाव छापण्याची रीत होती. अमेरिकेतील कोलंबिया रेकॉर्ड्स या कंपनीचे कलादिग्दर्शक अलेक्स स्टाइनवाइस यांनी १९४०च्या सुमारास तेथे स्वतंत्र चित्रे योजण्यास आरंभ केला आणि मुखपृष्ठ हा उपयोजित कलेचा एक प्रकार बनला. १९४८ साली याच कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची, १२ इंची एलपी बाजारात आणली. पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टर या कंपनीची ४५ फेऱ्यांची, ७ इंची तबकडी आली. छापील वेष्टनांची आजची दोन प्रमुख मापे या दोन तबकड्यांवरून ठरलेली आहेत.

एलपी व सात इंची तबकडी

एलपीचा प्रत्यक्ष व्यास सुमारे ३०२ मि.मी. असतो. तबकडी आतल्या कागदी पाकिटासह सहज सरकावी म्हणून पुठ्ठ्याचे वेष्टन थोडे मोठे, म्हणजे साधारणतः ३१४ ते ३१५ मि.मी. (१२⅜ इंच) बाजूचे ठेवतात. एका तबकडीच्या वेष्टनाचा कणा, म्हणजे कडेची अरुंद पट्टी, सुमारे ३ मि.मी. रुंदीचा असतो. पुस्तकासारख्या उघडणाऱ्या दुहेरी वेष्टनात ही जागा दुप्पट होते आणि आतल्या दोन्ही बाजू मिळून ६० सेंमीहून अधिक रुंदीचे सलग चित्र छापता येते.

सात इंची तबकडीचे वेष्टन १८० ते १८५ मि.मी. बाजूचे असते. भारतात हा आकार ईपी या नावाने परिचित झाला. प्रत्येक बाजूवर दोन अशी चार गाणी सामावणाऱ्या ईपीच्या रूपाने भावगीते आणि नाट्यपदे अनेक मराठी घरांत पोहोचली. ही वेष्टने लहान असूनही त्यांवर गायकाचे छायाचित्र, गाण्यांची नावे, कवी व संगीतकार यांचा उल्लेख असा मजकूर सुटसुटीतपणे मांडलेला असे.

कॅसेट

फिलिप्स कंपनीने १९६३ साली सादर केलेल्या कॅसेटने चौरसाचा नियम मोडला. तिच्या डबीत बसणारा घडीचा कागद बाजूने पाहिल्यास इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा दिसतो, म्हणून त्याला जे-कार्ड म्हणतात. त्याचा दर्शनी भाग सुमारे ६५ मि.मी. रुंद व १०१ मि.मी. उंच असतो. कणा सुमारे १२.७ मि.मी. असून मागे दुमडणारी पट्टी त्याहून किंचित मोठी असते.

चौरस चित्र या उभ्या आयतात बसवण्याचे मार्ग दोनच आहेत. पहिला, चित्र ६५ × ६५ मि.मी. करून उरलेल्या सुमारे ३६ मि.मी. पट्ट्यात नाव व इतर मजकूर छापणे. दुसरा, चित्र पूर्ण उंचीला वाढवून दोन्ही कडा छाटणे. या दुसऱ्या मार्गात चित्राच्या रुंदीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग गमवावा लागतो. गायक आणि वादक शेजारी बसलेले असतील, तर कडेचा वादक हमखास कापला जातो. यावर तिसरा उपाय म्हणून चित्र उभे ताणले जाते आणि चेहरे लांबुळके दिसतात. तो टाळावाच. कॅसेट दुकानात किंवा घरात कण्याकडून दिसत असल्यामुळे साडेबारा मिलिमीटरच्या त्या पट्टीवरील अक्षरांना दर्शनी चित्राइतकेच महत्त्व असते.

सीडी

सीडी १९८२ साली जपानमध्ये विक्रीस आली. तिचा व्यास १२० मि.मी. आहे. नेहमीच्या प्लास्टिकच्या डबीचे बाह्य माप १४२ × १२५ × १० मि.मी. असून तिच्या झाकणात सरकवायच्या पुस्तिकेचे मुखपृष्ठ १२० × १२० मि.मी. असते. पुस्तिका पिनांनी शिवायची असल्यास पृष्ठसंख्या चारच्या पटीत ठेवावी लागते. मागच्या बाजूचा कागद १५१ × ११८ मि.मी. असतो. त्यात मधला सपाट भाग १३८ मि.मी. आणि दोन्ही बाजूंना दुमडलेले प्रत्येकी साडेसहा मिलिमीटरचे कणे येतात. पुठ्ठ्याच्या पाकिटांचे माप मात्र कारखान्यागणिक थोडे बदलते. म्हणून छपाई करणाऱ्याकडून मोजमापाचा साचा आधी मागवून त्यावरच मांडणी करणे इष्ट असते.

आरंभीच्या काळात अमेरिकेतील दुकानांचे खण एलपीच्या मापाचे होते. त्यांत नीट बसावे म्हणून सीडीची डबी सुमारे १२ इंच उंच व ६ इंच रुंद अशा पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून विकली जाई. निरुपयोगी कचरा म्हणून टीका झाल्यावर ही पद्धत १९९३ साली बंद झाली.

डिजिटल चित्र

इंटरनेटवरील संगीतविक्रीच्या प्रारंभी ६०० × ६०० पिक्सेलचे चित्र पुरेसे मानले जाई. पडदे अधिक सूक्ष्म होत गेले तशी ही अपेक्षा वाढली. आता वितरक सामान्यतः ३००० × ३००० पिक्सेलचे, अचूक चौरस, आरजीबी रंगपद्धतीतील चित्र जेपीईजी किंवा पीएनजी स्वरूपात मागतात. किमान मर्यादा प्रत्येक सेवेची निराळी असते व ती वेळोवेळी बदलते. चित्र अस्पष्ट असणे, त्यावर संकेतस्थळाचा पत्ता, किंमत, बारकोड किंवा समाजमाध्यमांची चिन्हे असणे ही चित्र परत येण्याची नेहमीची कारणे आहेत. मुखपृष्ठावरील नाव आणि वितरकाकडे नोंदवलेले नाव यांत तफावत असली तरीही प्रकाशन अडते. सीडीसाठी तयार केलेले चित्र जसेच्या तसे पाठवणाऱ्यांना हा अनुभव बहुधा येतो.

पिक्सेल आणि मिलिमीटर यांचा मेळ

पिक्सेलला स्वतःची लांबी नसते. ३००० पिक्सेलचे चित्र किती मोठे छापता येईल, हे दर इंचाला किती बिंदू हवेत यावर अवलंबून असते. चांगल्या छपाईसाठी दर इंचाला ३०० बिंदू हे प्रमाण रूढ आहे. १२० मि.मी. म्हणजे ४.७२ इंच. त्यास ३०० ने गुणल्यास सुमारे १४१७ पिक्सेल येतात. म्हणजे डिजिटल प्रसारणासाठी केलेले ३००० पिक्सेलचे चित्र सीडीला पुरून उरते.

एलपीचा हिशेब वेगळा आहे. १२⅜ इंचांच्या वेष्टनावर तेच चित्र छापल्यास दर इंचाला सुमारे २४२ बिंदूच मिळतात. छायाचित्र असेल तर ही उणीव बेताची वाटते, पण बारीक अक्षरे व रेषा यांच्या कडा बोथट दिसतात. शिवाय छपाईनंतर कागद कापताना पाते थोडे सरकू शकते. कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून चित्र चारही बाजूंनी सुमारे ३ मि.मी. जास्त पसरवतात. या जादा भागाला ब्लीड म्हणतात. तो धरल्यास ३१४ मि.मी.चे चित्र ३२० मि.मी.चे होते आणि ३०० बिंदूंच्या प्रमाणात त्याला सुमारे ३७८० पिक्सेल लागतात. म्हणून एलपीची थोडीही शक्यता असल्यास मूळ चित्र आरंभापासूनच ४००० × ४००० पिक्सेलचे ठेवणे शहाणपणाचे ठरते. त्यातून लहान प्रती केव्हाही काढता येतात. उलट दिशेने हे साधत नाही. लहान चित्र संगणकावर ताणल्याने पिक्सेलची संख्या वाढते, तपशील वाढत नाही. हा मुद्दा आता केवळ हौशी संग्राहकांपुरता राहिलेला नाही. अमेरिकेत २०२० साली एलपी आणि अन्य व्हिनाइल तबकड्यांच्या विक्रीचे उत्पन्न १९८०च्या दशकानंतर प्रथमच सीडीच्या उत्पन्नापेक्षा जास्त झाले.

ब्लीड कापला जाणार असल्यामुळे अक्षरे व चेहरे कडेपासून ३ ते ५ मि.मी. आत ठेवावे लागतात. डिजिटल चित्राला ब्लीड लागत नाही, परंतु अनेक ॲप चित्राचे कोपरे गोल करून दाखवतात. त्यामुळे तेथेही कोपऱ्यात नाव ठेवणे धोक्याचे असते. रंगांचा प्रश्न निराळा आहे. पडद्यावरील आरजीबी रंग छपाईसाठी सीएमवायके पद्धतीत बदलताना झगझगीत हिरवा, निळा व नारिंगी मंदावतात. म्हणून छपाईपूर्वी नमुना प्रत पाहून घेणे अगत्याचे असते.

लहान आकारात वाचनीयता

एलपीच्या वेष्टनाचे दर्शनी क्षेत्रफळ सीडीच्या मुखपृष्ठाच्या जवळजवळ सातपट असते. एलपीवर ५ मि.मी. उंचीचे अक्षर सीडीवर २ मि.मी.हूनही कमी होते. भ्रमणध्वनीच्या यादीत मुखपृष्ठ बोटाच्या नखाएवढे, समजा १ सेंमीचे, दिसले तर तेच अक्षर एक पंचमांश मिलिमीटरही उरत नाही. हाच फरक दोन प्रसिद्ध मुखपृष्ठांत दिसतो. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ (१९६७) या एलपीवरील माणसांची दाटी मोठ्या वेष्टनावर न्याहाळत बसावे अशी आहे. लहान चित्रात मात्र ती रंगीत गर्दीच भासते. पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) वरील काळ्या पार्श्वभूमीवरचा त्रिकोणी लोलक नखाएवढ्या आकारातही ओळखू येतो.

देवनागरी लिपीत ही अडचण अधिक जाणवते. वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार शिरोरेषेच्या वर असतात, तर उकार खाली लोंबतो. त्यामुळे तेवढ्याच उंचीच्या ओळीत अक्षराच्या मुख्य अंगाला रोमन अक्षरापेक्षा कमी जागा मिळते. आकार घटला की प्रथम अनुस्वार पुसट होतो आणि नंतर जोडाक्षरे एकमेकांत मिसळतात. नक्षीदार, बारीक वळणाऐवजी ठसठशीत वळण वापरणे आणि मुखपृष्ठावर दोन-तीनच शब्द ठेवणे हा त्यावरील व्यवहार्य तोडगा आहे. चित्र पडद्यावर १०० पिक्सेल रुंदीचे करून हातभर अंतरावरून वाचता येते का, हे पाहिल्यास निर्णय तत्काळ होतो. छपाईसाठी धारिका देताना अक्षरे वक्ररेषांत रूपांतरित करणेही आवश्यक असते. अन्यथा छापखान्यातील संगणकावर तो फॉन्ट नसल्यास जोडाक्षरे फुटतात. श्रीलिपीसारख्या जुन्या संकेतनातील मजकुराबाबत तर ही दक्षता अनिवार्य आहे.

मागचे पान आणि श्रेयनामावली

एलपीच्या मागील बाजूला सुमारे ९८० चौरस सेंमी जागा मिळे. गीतकार, संगीतकार, साथीचे वादक, ध्वनिमुद्रक यांची नावे, रागांची माहिती, क्वचित संपूर्ण गीते आणि एखाद्या जाणकाराचे टिपणही तेथे मावत असे. शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याला तबल्यावर व हार्मोनियमवर कोण आहे, हे तेथूनच कळे. कॅसेटमध्ये हा मजकूर घडीच्या कागदावर आक्रसला, सीडीमध्ये पुस्तिकेमुळे काहीसा परतला. डिजिटल प्रसारणात मागची बाजूच नाही. मुखपृष्ठावर इतकी नावे कोंबली तर ती वाचता येत नाहीत, आणि वगळली तर साथीदार निनावी राहतात.

अशा प्रकाशनात नावांची जागा चित्रात नसून गाण्यासोबत पाठवायच्या माहितीच्या रकान्यांत असते. गीतकार, संगीतकार आणि प्रत्येक वादक यांची नोंद वितरकाच्या अर्जात गाण्यागणिक स्वतंत्रपणे करावी लागते. एमपी३ धारिका थेट वाटायची असल्यास तिच्या आयडी३ या अंतर्गत नोंदीत मुखपृष्ठाच्या चित्राबरोबरच संगीतकार, गीतकार व टीप यांसाठी रकाने असतात. छापील आवृत्ती निघणार असेल तर मागच्या पानावर नावांबरोबर बारकोडलाही जागा राखावी लागते. तेरा अंकी बारकोडचे प्रमाणभूत माप सुमारे ३७ × २६ मि.मी. आहे आणि ते ८० टक्क्यांपर्यंतच लहान करता येते. सीडीच्या मागच्या कागदावर जागा अपुरी पडू लागल्यास वादकांची नावे कमी करण्यापेक्षा बारकोड या मर्यादेत लहान करणे किंवा सजावट गाळणे योग्य होय.